सड्यावर हजार झाडं लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी अकरा जणांनी मिळून निसर्ग मंडळ काढायचं ठरवलंय. एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या पैशातून, हजार रोपं आणि टी-शर्ट द्यायला तयार आहे, आणि जागा म्हणून गावावरचा मोकळा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, हेरून ठेवलाय. नोंदणी आधी करायची की काम आधी, आणि दोन वर्षांत माणसं गळतात ती कशी धरून ठेवायची, हेही विचारलंय.

पहिलं उत्तर पहिल्यांदा देतो. सड्यावर झाडं लावू नका. जुलैत तर नकोच, नंतरही नको.

हे पुस्तकातून सांगत नाही, आम्ही स्वतः करून बसलोय. वीस वर्षं होऊन गेली. शाळेची मुलं, दोन पतपेढ्यांचे कर्मचारी, मी आणि आणखी दोन शिक्षक असा लवाजमा घेऊन आम्ही सड्यावर गेलो. पहारीने कातळ फोडला. दीड फूट खड्ड्याला दोन माणसांना अर्धा तास लागत होता, म्हणून नंतर नंतर खड्डे फूटभरच झाले. खालच्या मळ्यातून टोपल्यांनी माती वाहिली, शेणखत घातलं, जांभूळ, करंज, बहावा लावले. फोटो छापून आला. मग पाऊस लागला. कातळात खणलेला खड्डा म्हणजे दगडी कुंडीच, पाण्याला खाली वाट नाही. ऑगस्टभर रोपं पाण्यात उभी राहिली आणि निम्मी मुळं कुजून गेली. उरलेली दिवाळीपर्यंत हिरवी होती. मार्चमध्ये त्यांच्या काड्या झाल्या. गुरं घेऊन येणारे एक आजोबा आम्हाला खड्डे खणताना पाहूनच म्हणाले होते, "गुरुजी, इथं झाड धरत असतं तर आमच्या आज्यानं कलमं नसती का लावली?" आम्ही हसलो होतो.

रोपं मेली त्याचं मला आता फारसं वाटत नाही. खड्डे खणताना काय मोडलं ते दोन वर्षांनी कळलं, ते जास्त लागलं. सड्यावर मातीचा थर बोटभर, कुठे कुठे तेवढाही नाही. त्या थरात खणताना लहान पांढरे कांदे निघत होते. गवताचे कांदे म्हणून आम्ही ते बाजूला फेकले. ती दीपकाडी होती. कोकणातल्या सड्यांपलीकडे जगात फारशी कुठे न उगवणारी वनस्पती, पावसाच्या सुरुवातीला पांढऱ्या फुलांनी कातळ भरून टाकणारी. आम्ही निसर्ग वाचवायला गेलो आणि नेमकी तीच उपटून आलो.

सडा उन्हाळ्यात भकास दिसतो म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. सातबाऱ्यावरही तो बहुधा पोटखराबच, म्हणजे लागवडीला न येणारा, असतो. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाळी लागल्यासारखी फुलं येतात: दीपकाडी, मग गेंद, सीतेची आसवं, तेरडा, शेवटी सोनकी आणि कवला. यातली सीतेची आसवं आणि तिथेच उगवणारं दवबिंदू या वनस्पती किडे खातात, कारण कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतंच. हे सगळं सूर्य डोक्यावर असताना आणि झाड नसताना जगणारं विश्व आहे. सावली पडली की संपलं. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं, ते मोकळं पठार म्हणूनच. शिवाय सडा म्हणजे गावाची पाण्याची टाकी. पाऊस डबक्यांत साचतो, जांभ्याच्या फटींमधून हळूहळू खाली जातो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उताराला झरा होऊन बाहेर येतो. तुमच्या वाडीची विहीर मे महिन्यात किती टिकते, ते वरच्या सड्यावर काय चाललंय यावर ठरतं. आणि हो, खड्डे मारण्याआधी कातळावर एकदा पाणी टाकून, झाडून पाहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशाच 'रिकाम्या' सड्यांवर कातळशिल्पं निघाली आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पहारीचा एक घाव हत्तीच्या चित्रावर बसला तर काय तोंड दाखवणार?

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, ज्याच्या दारात लावाल तो पाणी घालेल अशा ठिकाणी. रोप तीन उन्हाळे जगवायचं म्हणजे माणूस, बादली आणि कुंपण यांचा हिशेब आधी करायचा. हजारऐवजी चाळीस लावा. खरं सांगायचं तर कोकणात जंगल लावावं लागत नाही, त्याला सोडावं लागतं. उताराला तीन-चार वर्षं वणवा लागला नाही आणि कुऱ्हाड पडली नाही, तर ऐन, किंजळ, कुंभा आपापले वर येतात. म्हणून आमचं मंडळ हल्ली डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढतं. गवत कापून पट्टा मोकळा करायचा, एवढंच. फोटो अगदीच वाईट येतो, पण रुपयामागे जंगल त्यातच जास्त मिळतं. सरकारी मोहिमेतला वृक्षलागवडीचा आकडा २०१६ च्या २ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेला. गावोगावच्या मंडळांना त्या आकड्यांची इतकी सवय लागली, की 'किती लावली' हा एकच प्रश्न उरला. कुठे लावली, काय लावलं, हे कोणी विचारेना. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडी बघा. हिरव्यागार आहेत. आत शिरा, तळाला गवताचं पातं सापडत नाही.

आता, काय करू नका हे सांगून झालं. करायचं काय याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: एक जागा किंवा एक प्राणी धरा आणि दहा वर्षं सोडू नका. पर्यावरणाचं सगळं करणारी मंडळं मी पुष्कळ पाहिली. जानेवारीत पतंगाच्या मांजाविरुद्ध, मार्चमध्ये होळीविरुद्ध, जूनमध्ये झाडं, सप्टेंबरमध्ये निर्माल्य. कॅलेंडर भरतं, पाचव्या वर्षी हातात काही नसतं.

वेळासच्या समुद्री कासवांचं उदाहरण तुम्हाला जवळचं आहे, आणि सगळ्यांना ते कासव महोत्सवापासून पुढचंच माहीत असतं, म्हणून जरा मागून सांगतो. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था १९९२ ची. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये किनाऱ्यावर फिरत होते ते कासवांसाठी नव्हेच. ते समुद्री गरुडाची घरटी मोजत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना वाळूत उकरलेली कासवाची घरटी दिसली, अंडी नेलेली. नोंद करायला गेलेली माणसं होती म्हणून ते दिसलं. स्वच्छता मोहिमेला गेलेल्यांना तोच खड्डा कुत्र्याने उकरलेला वाटला असता.

पुढचं काम अगदी रोजचं आणि कंटाळवाणं. ऑलिव्ह रिडले या जातीच्या कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वर वाळू ओढून अंगाने थापते आणि निघून जाते. उरतो तो फक्त ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग. तो उजाडायच्या आत वाचायचा. मी पहिल्यांदा घरटं उघडताना पाहिलं तेव्हा जुन्या कासवमित्राने वाळूत काठी अलगद दाबत नेली. एका ठिकाणी ती जरा सहज आत गेली. तिथे तो हाताने उकरू लागला. खड्डा मडक्यासारखा असतो, वर गळा अरुंद आणि खाली पोट गोल, खोली हातभर. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ, बोटाने दबणारं. एकेक अंडं वरची बाजू वरच ठेवून टोपलीत, खाली त्याच घरट्यातली ओली वाळू. अंडं फिरलं, तर आत रुजू लागलेला जीव मरतो. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणाच्या जागेत, त्याच मापाचा, त्याच आकाराचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची आणि वर पाटी लावायची: तारीख, अंडी किती. मग पंचेचाळीस ते साठ दिवस थांबायचं. शेवटच्या आठवड्यात वर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची.

तो कासवमित्र पूर्वी अंडी विकायचा. माग त्याच्याइतका चांगला कोणाला वाचता येणार? संस्थेने त्याला पोलिसात दिलं नाही, किनाऱ्यावर नेमलं. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे हातात कायदा होता. तो वापरला असता तर एक खटला उभा राहिला असता आणि अख्खं गाव तोंड फिरवून बसलं असतं. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्लं पाहायला येऊ लागले, घराघरांत मुक्काम करू लागले, जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात पडू लागले. त्यानंतर अंड्यांची राखण गावाने केली. आता हे काम वन विभागाकडे आहे आणि ते तसंच असायला हवं. संस्थेने काम सुरू करावं, रुजवावं आणि मग बाजूला होता यावं. बहुतेकांना हा शेवटचा भाग जमत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या हॅचरी बांधायला घ्याल. घरटं हलवणं हा पहिला पर्याय नव्हे. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं: गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. चुकीच्या जागी, चुकीच्या सावलीत हॅचरी केली तर अख्ख्या हंगामाची पिल्लं एकाच लिंगाची होऊ शकतात. किनारा सुरक्षित असेल तर घरटं आहे तिथेच ठेवून जाळी लावणं बरं. आणि पुन्हा झाडांवर येतो. किनाऱ्यावर सुरूची बनं लावणं हेही कुणाचं तरी पर्यावरणप्रेमच होतं. सुरूची मुळं आणि सावली वाळूत शिरली की कासविणीला खणायला जागा राहत नाही.

नोंदी कशाला ठेवायच्या, याचंही कासवाचंच उदाहरण देतो. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या कासविणीला उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. त्यानंतर आंजर्ले आणि गुहागरच्या आणखी चार माद्यांना टॅग लागले. आणि २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर जुना धातूचा टॅग मिळाला. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेला होता. पूर्व किनारा सोडून ती श्रीलंकेकडून वळसा घालून आपल्याकडे आली असणार. कुणीतरी ओडिशात आकडा लिहून ठेवला आणि कुणीतरी गुहागरला टॉर्च मारून तो वाचला, म्हणून हे कळलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की पहिलं वर्ष फक्त चाला आणि लिहा. तुमच्याकडे सडा आहे, खाली पऱ्या (ओढा) असेल, एखादी देवराई नक्की असेल. महिन्यातला एक ठरावीक रविवार, तीच वाट, तीच वेळ. दोनशे पानी वही पुरे: तारीख, कोण होते, पाऊस किती, काय फुललं, कुठलं डबकं कधी आटलं, झरा कधी बंद झाला. फोटो मोबाइलवर काढाच, पण लिहा कागदावर, कारण मोबाइल बदलतात. नाव माहीत नसेल तर 'निळं फूल, चार पाकळ्या, बांधाच्या आतल्या बाजूला' एवढं लिहिलं तरी चालतं. गावातल्या म्हाताऱ्या बाईला दाखवा, ती नाव सांगेल आणि भाजी होते की नाही तेही सांगेल.

या वहीला सरकारी घरही आहे. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा देशभर धावपळ झाली आणि घाईघाईत वह्या भरल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन तुमचीच वही काढून वाचा. सड्यावरच्या एकाही वनस्पतीचं नाव तिच्यात नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि भांडूही नका. "आम्ही भरून देतो" म्हणा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) मनापासून हो म्हणेल.

ही वही कामाला कधी येते? जनसुनावणीत. उद्या तुमच्या सड्यावर खाण किंवा प्रकल्प आला आणि तो २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेखाली जनसुनावणीच्या वर्गात बसत असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान तीस दिवसांची नोटीस देऊन सुनावणी घेतं. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, तो मागून घ्या. मी अशा पाच-सहा सुनावण्यांना बसलोय. लोक तळमळीने बोलतात, रडतात, घोषणा होतात. इतिवृत्तात एक ओळ येते, 'ग्रामस्थांनी विरोध दर्शवला'. एकदाच असं झालं, की एका बाईने उठून सांगितलं, "अहवालात लिहिलंय या जागेवर पाण्याचा स्रोत नाही. आमच्याकडे सहा वर्षांची झऱ्याची नोंद आहे, मे महिन्यातली सुद्धा. ही प्रत." ती प्रत इतिवृत्ताला जोडावी लागली आणि अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पुन्हा यावं लागलं. गोव्यात गोवा फाउंडेशन १९८६ पासून काम करतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले ८८ खाणपट्टे रद्द केले, त्यामागे त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली होत्या. तुम्ही लगेच न्यायालयात जा असं मी म्हणत नाही. बहुतेक मंडळांचा जीव पहिल्याच खटल्यात जातो. पण फाइल असली की समोरचा माणूस बसायला खुर्ची देतो.

नोंदणीचं थोडक्यात. घाई नको, एक वर्ष नुसतं मंडळ म्हणून चालवा. सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात जण लागतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद होते. त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज भल्याभल्यांना बुडवतो. आम्ही स्वतः सात वर्षं दिला नव्हता, आणि नंतर कागदोपत्री आमचे अध्यक्ष म्हणजे वारलेले गृहस्थ होते. बँकेने खातं गोठवलं. ते सोडवायला दीड वर्ष गेलं, त्या काळात मिळालेली एक चांगली देणगी परत करावी लागली. कंपनीचा पैसा घ्यायचा तर आयकराच्या नोंदण्या (ज्यांना १२-ए, ८०-जी म्हणत आले आहेत) आणि सीएसआर-१ हा कंपनी खात्याचा नोंदणी अर्ज हेही लागतं. तुमच्या अकरांत ज्याला जमाखर्च लिहायला खरोखर आवडतो असा एक शोधा. भाषण करणारे दहा आपोआप असतात.

प्लास्टिकचं विचारलं नाहीत, पण कराल म्हणून एवढंच सांगतो: गोळा करण्याआधी गिऱ्हाईक ठरवा. आमच्या भंगारवाल्याने दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या, वेफर्स-गुटख्याची पाकिटं घेतली नाहीत. समाजमंदिरात अठ्ठावीस पोती आठ महिने पडून होती. उंदीर झाले. शेवटी ती कुठे गेली हे इथे लिहीत नाही.

माणसं का गळतात? माझा अनुभव असा, की काम कठीण असतं म्हणून नव्हे. आपल्याला इथे नेमकं काय करायचंय हे त्यांना कळत नाही म्हणून. प्रत्येकाला एक छोटी गोष्ट नावाने द्या: अमुक झरा तुझा, देवराईतलं धनेश पक्ष्याचं झाड तुझं, वही तुझी. पहिल्या दिवसापासून गुराखी, गुरव आणि एखादी रानभाज्या विकणारी बाई मंडळात घ्या, सन्माननीय सल्लागार म्हणून नव्हे, सभासद म्हणून. बैठक देवळात किंवा शाळेत, आणि तासाच्या वर नाही. चहा नंतर. आधी दिला की लोक चहा पिऊन जातात, हे चोवीस वर्षांचं निरीक्षण आहे. आणि आपसात भांडण होईल तेव्हा ते व्हॉट्सॲपवर होऊ देऊ नका.

राहिली ती कंपनी. तिला सरळ नाही म्हणू नका, त्यांच्या अधिकाऱ्यालाही वरती काही दाखवायचं असतं. हजार रोपांच्या ऐवजी जाळरेषेची मजुरी, दोन गुराख्यांना उन्हाळ्याच्या चार महिन्यांचं राखणीचं मानधन आणि शाळेसाठी चार दुर्बिणी एवढं मागा. लेखी द्या, खर्चाचा तक्ता जोडा. टी-शर्ट घ्यायला हरकत नाही, फक्त रंग भडक नको, पक्षी उडतात. फोटो हवाच असेल तर त्यांना सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सड्यावर बोलवा, सकाळी आठच्या आत. गाड्या खालच्या वाडीत लावायला सांगा आणि चालताना एकामागून एक, पायवाटेवरूनच.